प्युजो ३०९ डिझेल: उभी करायला घ्यावी का? खान्देशातल्या हिशेबाने

इंजिन जाम असलं तरी चालेल. काचा, दिवे, बंपर आणि दारांची रबरं मात्र पूर्ण पाहिजेत. प्युजो ३०९ प्रोजेक्ट म्हणून घ्यायची तर सौद्याला बसण्याआधी एवढं पक्कं ठरवून जा. विकणारा बोनेट उघडतो, धक्का मारून का होईना गाडी चालू करून दाखवतो, धूर काळा की निळा यावर अर्धा तास जातो. आणि मागचा एक दिवा फुटलेला आहे त्याकडे ‘तो काय, मिळून जाईल’ म्हणून कुणी बघत नाही. तो मिळत नाही. या गाडीत इंजिन ही त्यातल्या त्यात सोपी बाब आहे. पैसा आणि महिने खातात ते पत्रा, काच आणि प्लास्टिक.

आधी गाडी कोणती ते. ३०९ युरोपात १९८५ मध्ये आली. ती यायची होती टॅल्बो या प्युजोच्याच दुसऱ्या ब्रँडच्या नावाने, ऐनवेळी तिच्यावर प्युजोचा सिंह बसला. खालचा सांगाडा लांब केलेल्या २०५ चा आणि दारंसुद्धा २०५ चीच. आपल्याकडे प्रीमियर आणि प्युजो यांच्या पाल-प्युजो कंपनीने ती १९९४ पासून कल्याणच्या कारखान्यात बनवली आणि १९९७ मध्ये प्युजोने गाशा गुंडाळला. म्हणजे उत्पादन जेमतेम तीनेक वर्षांचं. आज हातात येणारी गाडी तीस वर्षांच्या आसपासची असते. सिट्रोएनच्या २सीव्ही किंवा डीएसच्या फोटोंवर जीव टाकणाऱ्यांना ३०९ फिकी वाटेल, पण त्या गाड्या परदेशातून आणणं हे मोठ्या पैशाचं काम आहे. इथल्याच आरटीओच्या नोंदीची आणि इथल्या गॅरेजात उघडता येईल अशी जुनी फ्रेंच गाडी म्हटली तर नजर ३०९ वरच येऊन थांबते. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे एखादी शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडते. नाहीतर नाशिक-ठाण्याकडे शोधावी लागते.

पेट्रोल की डिझेल हा प्रश्न आमच्या मते प्रश्नच नाही. डिझेल. कारण सरळ आहे: त्यातलं टीयूडी५ इंजिन, १५२७ सीसी, ५८ अश्वशक्तीच्या आसपासचं, पुढे मारुतीने झेन डिझेल आणि एस्टीम डिझेलमध्ये बसवलं. प्युजो गेली, पण तिचं इंजिन मारुतीच्या बोनेटखाली राहिलं, आणि त्यामुळे टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, हीटर प्लग हे जुन्या मारुतीचा माल ठेवणाऱ्या दुकानातून आजही निघू शकतं. जुना भाग हातात घेऊनच जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. इंजिनच्या आतलं बहुतेक जुळतं. माउंटिंग, ब्रॅकेट, सायलेन्सरचा पहिला पाइप आणि वायरिंग जुळेल असं धरून मात्र चालू नका. झेनचं अख्खं इंजिन स्वस्तात मिळालं तर ब्लॉक, हेड आणि आतल्या मालासाठी घेऊन ठेवायला हरकत नाही.

पेट्रोलमध्ये १३६० सीसीचं टीयू३ आहे. इंजिन गोड चालतं, पण आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि तीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, तडकतात. घेतलीच तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल सोसणारी बसवा, म्हणजे नळीवर जे३०आर९ छापलेलं बघून. दुसरी गोष्ट, ब्लॉकला चुंबक लावून बघा. हे इंजिन बिडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या अशा दोन्ही ब्लॉकमध्ये निघालं. चुंबक चिकटलं नाही तर ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) ओले, म्हणजे पाण्यात उभे आणि खालच्या सीलवर टेकलेले. अशा इंजिनचं हेड सरळ वर ओढायचं नाही. आधी आडवं हलवून गॅस्केटची पकड सोडवायची, आणि हेड निघाल्याबरोबर वायसर-बोल्टने लायनर दाबून ठेवायचे. ते न करता क्रँक फिरवला की लायनर उचलला जातो, खालची सील सरकते आणि आठवड्याभराने ऑइलमध्ये पाणी दिसतं. लायनर ब्लॉकच्या वर ०.०३ ते ०.१० मिमी उभा पाहिजे. व्हॉल्व्हचं अंतर इंजिन थंड असताना इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.४० मिमी.

खान्देशात डिझेल घेण्याचा आणखी एक फायदा सांगतात, तो अर्धाच खरा आहे. महिंद्राच्या जीप, कमांडर, मार्शल प्युजो इंजिनावर चालल्या. परवाना प्युजोचा आणि इंजिनं इगतपुरीची. त्यामुळे धुळे-जळगावकडच्या जुन्या मिस्त्रींना ‘प्युजो’ नवीन नाही. पण जीपचं एक्सडीपी इंजिन २११२ सीसीचं, गाडीच्या लांबीत बसवलेलं, वेगळ्याच घराण्यातलं, आणि त्यात टायमिंग बेल्ट नाही. ३०९ मध्ये आहे. जीपच्या हिशेबाने हात घालणारा मिस्त्री पंप साफ करतो, नोझल तपासतो, बॅटरी लावून सेल्फ मारतो. तीस वर्षांचा वाळलेला बेल्ट दोन दाते सोडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तेव्हा जीपचा अनुभव असलेला मिस्त्री जरूर धरा, पण बेल्टची गोष्ट त्याला पहिल्या दिवशीच सांगा.

घेताना काय बघायचं? पुढची-मागची काच, चारही दारांच्या काचा, दोन्ही हेडलाइट, दोन्ही टेल लॅम्प, पुढची जाळी, डॅशबोर्ड, मीटर, दारांचे आतले कडे. यातल्या दारांच्या वस्तू २०५ च्या असल्याने ब्रिटन-फ्रान्समधल्या २०५ च्या सुट्या भागांच्या दुकानांकडून मागवता येतात. पुढची-मागची काच आणि दिवे ३०९ चे स्वतःचे. तिथे २०५ कामाची नाही. प्युजोची बहीण कंपनी सिट्रोएन २०२१ पासून भारतात आहे खरी, पण तिच्या शोरूममध्ये ३०९ चा माल मागायला जाऊ नका, काउंटरवरच्या पोराचा जन्मही तेव्हा झालेला नसतो.

मग गाडीच्या मागे दहा पावलं लांब जाऊन उभे राहा. मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली दिसतात का? टायरची फक्त आतली कड खाल्ली गेली आहे का? मागचा एक कोपरा बसलेला आहे का? यातलं एकही ‘हो’ असेल तर मागच्या अॅक्सलची बेअरिंग गेली. जॅकवर उचलून टायर वरून धरा आणि आत-बाहेर हलवा. खडखड लागली की खात्री. ही या गाडीची जन्मखोड आहे आणि भाव पाडायला हक्काचं कारण. गाडी तेवढ्यासाठी नाकारू नका, पण दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्याच्या रकमेतून वजा झाला पाहिजे.

पत्रा टोकरायला स्क्रू ड्रायव्हर न्या. मागच्या चाकांच्या कमानी, सिल, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या दाराची खालची कड, आणि मॅट उचलून पुढचा फ्लोअर. काळ्या मातीच्या आवारात तीन-चार पावसाळे उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असली तरी खालून सडते, कारण ती जमीन दिवाळीपर्यंत ओल सोडत असते. फरशीवर उभी असलेली फिक्या रंगाची गाडी त्याहून बरी. धान्य किंवा सरकीच्या गोदामाशेजारची असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असणार हे धरूनच बोला.

कागद. ३०९ ला व्हिंटेजची नोंद मिळत नाही. त्यासाठी ५० वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे नेहमीसारखं दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. २० वर्षांवरच्या चारचाकीची त्याची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. खरा फटका उशिराचा: नोंदणी संपून गेलेल्या चारचाकीला महिन्याला ५०० रुपये लागतात. पाच वर्षं थकली तर एवढ्यानेच ३०,००० होतात, म्हणजे कधीकधी गाडीच्या किमतीइतके. म्हणून बयाणा देण्याआधी एमएच १९, १८ किंवा ३९, जिथली नोंद असेल त्या कार्यालयात थकबाकीचा आकडा काढून घ्या. जुनं पुस्तकी आरसी अजून ऑनलाइन चढलेलं नसेल तर बॅकलॉग एन्ट्री आधी, बाकी सगळं नंतर. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. मालक वारला असेल आणि वारसांच्या सह्या झालेल्या नसतील तर तो सौदा लांबूनच नमस्कार करावा असा.

आता कामाला सुरुवात. बहुतेक लोक इंजिनपासून करतात. आम्ही मागच्या अॅक्सलपासून करायला सांगू, कारण सर्वात जास्त दिवस तोच घेतो आणि त्याचे भाग बाहेरून यायचे असतात. मागे कॉइल स्प्रिंग नाही. एक आडवी नळी, तिच्या दोन टोकांत चाक धरणारे हात बसवलेले, आणि स्प्रिंगचं काम पिळणारे दोन टॉर्शन बार करतात. हाताचा शाफ्ट नळीत सुईच्या बेअरिंगवर फिरतो. एका बाजूला दोन, एकूण चार. टोकाची सील वाळते, पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, सुया गंजतात आणि शाफ्टमध्ये घरं पाडतात. चाक झुकतं ते यामुळे.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. ब्रेक पाइप, हँडब्रेकच्या केबल सोडवा आणि चार रबरी माउंटिंगचे बोल्ट काढून अख्खा अॅक्सल खाली उतरवा. शॉक अॅब्सॉर्बर काढण्याआधी त्यांच्या दोन बोल्टमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहा. टॉर्शन बार, हात आणि ब्रॅकेट यांवर पंचने खुणा करा. बारच्या टोकाला आटे असतात, त्यात बोल्ट बसवून सरकत्या हातोड्याने ओढायचं. तो पहिल्या दिवशी निघत नाही. गंजसोड तेल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी दात्यांच्या भोवतालचा भाग तापवा, परत ओढा. घाईत घण मारला की दाते बसतात आणि मग बार भंगारात जातो. डावा बार डावीकडे, उजवा उजवीकडे. अदलाबदल चालत नाही, कारण दोघांचा पीळ उलट दिशेने बसलेला असतो.

हात बाहेर आला की शाफ्टवर बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर नशीब. नखाला रेघा लागत असतील तर शाफ्ट बदलायचा. किट बाहेरून मागवताना ‘ड्रम ब्रेकचा अॅक्सल’ असं स्पष्ट लिहा, डिस्कवाला वेगळा येतो. एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून शाफ्ट करून घेता येतो, पण साध्या पोलादाचा नको: ईएन ३१, कडक करून ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप), आणि शेवटी ग्राइंडिंग. मऊ शाफ्टवर सुया वर्षभरात पुन्हा घरं पाडतात. नळीचं आतलं बोअर खड्डे पडून गेलं असेल तर तिला स्लीव्ह लागते, आणि ते काम बोअरिंगवाल्याचं आहे, ग्राइंडर घेऊन बसणाऱ्याचं नाही. बसवताना नळीला दोन्ही बाजूंना ग्रीस निपल लावून घ्या. कंपनीने दिलेलं नाही, पण दर पावसाळ्यानंतर ग्रीस मारता येतं.

उंची लावण्याची पद्धत माहीत नसली की सगळं केलेलं वाया जातं. शॉकच्या जागी दोन भोकांची लोखंडी पट्टी लावा, भोकांमधलं अंतर लिहून ठेवलेलंच. गाडी एका बाजूने बसलेली होती तर बऱ्या बाजूचं माप धरा. बारच्या दोन टोकांचे दाते संख्येने वेगळे असतात, म्हणून तो एकेक दाता फिरवत न्यायचा; एका ठिकाणी तो दोन्हीकडे न ठोकता आत सरकतो. तीच जागा. मग पट्टी काढून शॉक लावा.

इंजिनकडे वळा. खूप दिवस उभ्या डिझेलला सेल्फ मारायचा नाही. चारही हीटर प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका. फिरलं तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदमच बदला. पंप त्याच बेल्टवर चालतो. नवा बेल्ट आणि जुना पंप ही काटकसर फार महागात जाते, पंप अडकला की बेल्ट गेला. फ्लायव्हील, कॅम आणि डिझेल पंपाची चक्री तिन्ही पिन घालून लॉक करूनच बेल्ट उतरवायचा. ‘खडूने खूण केली आहे’ म्हणणाऱ्याच्या हातून बेल्ट काढून घ्या.

टाकी उतरवून धुवा, जुनं डिझेल तळाशी चिकट गोळा झालेलं असतं. चालू झाल्यावर गाडी हवा धरत असेल, म्हणजे सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल, तर पंपाच्या येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक पाइप घाला. बुडबुडे दिसले तर गळती त्याच्या मागे टाकीकडे आहे; न दिसता तीच तक्रार असेल तर पंपाची सीलं वाळलेली.

हेड उतरवलंच तर सपाट पट्टी आणि फीलर गेजने तपासा. हे डिझेलचं हेड लेथवाल्याने डोळे झाकून घासायचं नाही; कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची खोली दोन्ही बिघडतात. गॅस्केटही वेगवेगळ्या जाडीचं येतं, कडेच्या खाचा मोजून जुन्याशी जुळवा. हेडचे बोल्ट नवेच.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. युरोपात वाढलेल्या या इंजिनाला ते सोसतं, पण रेडिएटर साफ असेल तरच. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. दहा वर्षं तेच ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने गच्च होतात, आणि अॅल्युमिनियमचं हेड पाण्याच्या वाटांपाशी खाल्लं जातं. रेडिएटर उघडून रॉड मारून घ्या, नाहीतर नवा कोअर. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी वायपरपुरतं ठेवा. भरताना हवा काढायचे स्क्रू उघडे ठेवा, हीटरच्या नळीवरचा विसरू नका, आणि भरणी गाडीच्या सर्वात उंच जागेवरून करा, बाटलीचं नरसाळं उंच धरून. हवा आत राहिली की काटा गार दाखवतो आणि हेड आतून तापतं. पंख्याचा स्विच तपासायला गाडी जागेवर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. पंखा स्वतःहून लागला आणि बंद झाला तरच रस्त्यावर काढा.

पुढच्या बाजूला खालचा बॉल जॉइंट हबमध्ये आट्यांनी बसतो आणि त्याला चार खाचांचा सॉकेट लागतो. छिन्नीने फिरवायचा मोह आवरा, लेथवर सॉकेट बनवून घ्या. गिअर बदलताना खडखड किंवा अचानक गिअरच लागेनासा झाला तर बॉक्स उघडू नका. बहुतेक वेळा दांड्यांच्या टोकाची प्लास्टिकची वाटी निसटलेली असते. ब्रेकचे व्हील सिलिंडर, होजपाइप आणि मास्टर सिलिंडरची रबरं न बघताच बदलायची, फ्लुइड डॉट ४.

चाकांची एक गफलत नेहमी होते. चार बोल्ट, १०८ मिमीचं वर्तुळ. तेच फोर्ड आयकॉन-फिगोचं, म्हणून फोर्डची चाकं आणली जातात. फोर्डचं मधलं भोक ६३.४ मिमी, प्युजोचा हब ६५.१. चाक हबवर बसतच नाही; भोक लेथवर वाढवावं लागतं. शिवाय फोर्डचा ऑफसेट जास्त, चाक आत जातं आणि मागच्या हाताला टायर घासतो. आणि फोर्डला नट, इथे बोल्ट. मूळ १३ इंची पत्र्याची चाकं सरळ करून, रंगवून वापरा, टायरही सहज मिळतात.

डेंटिंग-पेंटिंगमध्ये एवढंच: सडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरू देऊ नका, पत्रा कापून नवा लावा, आतून मेण किंवा अंडरकोट. पूर्ण गाडीला तीन ते चार लिटर रंग लागतो. छताचं कापड उन्हाने लोंबलेलं असतं, ते कुशनवाला दुरुस्त करतो. गोंद मात्र उष्णता सोसणारा मागा, नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा डोक्यावर.

एवढं करून चालवायला कशी? आसनं मऊ, सस्पेन्शनची चाल लांब, आणि अॅक्सल नीट झालेला असेल तर पारोळा-एरंडोलकडच्या आतल्या रस्त्यांवर खड्ड्यात ती धडकत नाही, दबते आणि वर येते. आजच्या छोट्या हॅचबॅक त्याच रस्त्यावर दात वाजवतात. स्टिअरिंग पॉवर नसलेल्या गाडीत बाजारात लावताना जड, पण तीसच्या वर गेलं की नेमकं. जोर मात्र बेताचा. चाळीसगावहून औट्रम घाट चढताना एसी बंद करा, तिसरा टाका आणि सावकाश चढायची तयारी ठेवा. दुसऱ्यात ताणत नेलं तर वेळ वाचत नाही, फक्त काटा चढतो.